सापडला तर तो कंपनीचा

१९७१ साली कटी सार्क या स्कॉच व्हिस्कीवाल्यांनी जाहीर केलं, की स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यात आहे असं म्हणतात तो जगप्रसिद्ध राक्षसी प्राणी जो कुणी जिवंत पकडून दाखवेल त्याला रोख दहा लाख पाऊंड. मुदत वर्षभराची. जाहिरात झकास झाली. मग मालकांच्या मनात पाल चुकचुकली असणार, कारण ते उठून लंडनच्या लॉइड्समध्ये गेले आणि त्या बक्षिसाचाच विमा उतरवून आले. हप्ता अडीच हजार पाऊंड.

माझी सगळी नोकरी जनरल इन्शुरन्समध्ये गेली. त्यातला बराचसा काळ माणदेशात: आटपाडी, सांगोला, दहिवडी. त्यामुळे अशी बातमी आली की लोक राक्षसाचा धूसर फोटो मोठा करून बघतात आणि मी अटी शोधतो. दहा लाखांवर अडीच हजार म्हणजे शेकडा चार आणे. आमच्याकडे संकरित गाईचा विमा शेकडा चार रुपयांच्या आसपास निघायचा. म्हणजे आटपाडीची गाय वर्षात दगावण्याची जेवढी धास्ती आम्हाला होती, तिच्या सोळाव्या हिश्शाएवढीच लॉइड्सला राक्षसाची होती. तरी होती, हे महत्त्वाचं. फुकट कुणी सही करत नाही.

आता अटी बघा. प्राणी वीस फुटांपेक्षा लांब पाहिजे. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या तज्ज्ञांनी 'हाच तो' असं म्हटलं पाहिजे. आणि बक्षिसाची रक्कम द्यावी लागलीच, तर तो प्राणी विमा उतरवणाऱ्यांच्या मालकीचा होईल.

शेवटच्या अटीला आमच्या धंद्यात साल्व्हेज म्हणतात. ट्रक जळाला, कंपनीने पूर्ण रक्कम मोजली, की उरलेला सांगाडा कंपनीचा. गोदामात पाणी शिरलं, साखरेचा क्लेम पास झाला, की ती चिकट पोती कंपनी लिलावात काढणार. मी स्वतः अशा लिलावांना उभा राहिलोय. साखरेला मुंग्यांच्या आधी व्यापारी लागतात. लॉइड्समधल्या कुणा शहाण्याने तोच नियम वीस फुटी राक्षसाला लावला. दहा लाख गेले तरी बेहत्तर, राक्षस आमचा! तिकीट लावून दाखवला असता तरी ते पैसे बघता बघता वसूल झाले असते. पॉलिसी लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसाला माझा मनापासून नमस्कार.

या तळ्याला बक्षिसांची सवय जुनी. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातलं हे सुमारे ३७ किलोमीटर लांबीचं, सव्वादोनशे मीटरच्या वर खोलीचं तळं. पाणी काळपट, कुजलेल्या दलदलीची माती मिसळलेलं, हात बुडवला तर बोटं दिसू नयेत असं. मे १९३३ मध्ये इन्व्हरनेसच्या स्थानिक पेपरात पहिली बातमी आली आणि वर्ष संपेपर्यंत लंडनचे पेपर तिथे मुक्कामाला. बर्ट्राम मिल्स हे सर्कसवाले; त्यांनी वीस हजार पाऊंड लावले, पिंजऱ्यात घालून आणा म्हणून. 'डेली मेल'ने वेदरल नावाच्या एका शिकाऱ्याला पगारावर पाठवलं. या गृहस्थांना पोहोचल्या पोहोचल्या काठावर भल्यामोठ्या पावलांचे ठसे सापडले. ठशांचे साचे म्युझियमला गेले आणि जानेवारी १९३४ मध्ये उत्तर आलं: हे पाणघोड्याचं पाऊल आहे. तेही बहुधा वाळवून छत्र्या ठेवायला वापरतात तसल्या पायाचं. सगळे ठसे एकाच पायाचे.

वेदरलची छी-थू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो फोटो छापून आला, पाण्यातून वर आलेली बारीक मान आणि छोटंसं डोकं, जो आजही सगळीकडे फिरतो. फोटो लंडनच्या एका डॉक्टरांच्या नावावर होता, म्हणून साठ वर्षं लोकांनी मानला. १९९४ मध्ये उघड झालं, की ती खेळण्यातली पाणबुडी होती, तिच्यावर मान बसवलेली, आणि बनवणारा वेदरलचा सावत्र मुलगा. म्हणजे पहिला क्लेम नामंजूर झाला म्हणून दुसरा जरा नीट तयार केला. आमच्याकडेही असे पक्षकार होते. पहिल्या खेपेला बिलावर तारीख चुकायची, दुसऱ्या खेपेला गावच्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र जोडलेलं असायचं.

मला सगळ्यात आवडलेला प्रकार मात्र १९७२ चा. मार्चअखेर यॉर्कशरच्या एका प्राणिसंग्रहालयाची मंडळी तळ्यावर शोधमोहिमेला गेली होती. त्यांना पाण्यावर एक अजस्र मेलेला प्राणी तरंगताना मिळाला. त्यांनी तो ट्रकमध्ये घातला आणि निघाले घरी. पोलिसांना कळलं. त्यांनी एका जुन्या कायद्यावर बोट ठेवलं, की तळ्यातला अनोळखी प्राणी असा बाहेर नेता येत नाही, आणि रस्त्यात ट्रक अडवला. तज्ज्ञ बोलावले. तो निघाला दक्षिण अटलांटिकमधला हत्ती-सील, दुसऱ्याच एका प्राणिसंग्रहालयात नुकताच मेलेला. या मंडळींच्याच एका सहकाऱ्याने त्याच्या मिशा भादरल्या होत्या, गालात दगड भरले होते, आठवडाभर बर्फात ठेवला होता आणि एक एप्रिलच्या मुहूर्तावर तळ्यात सोडला होता. कल्पना करा त्या माणसाची: रात्री मेलेल्या सीलचे गाल भरत बसलाय, डाव्या बाजूला एक दगड कमी पडतोय का बघतोय.

बक्षिसाचा पैसा लागला की पुरावा तयार करण्याचा कारखाना सुरू होतो, हे मला कुणी शिकवायला नको. जनावरांच्या विम्यात आमचा एकच मंत्र होता: नो टॅग, नो क्लेम. विमा उतरवताना गाईच्या कानात नंबराचा बिल्ला ठोकायचा. गाय मेली की जनावरांच्या डॉक्टरांचा शवविच्छेदन दाखला, पंचनामा, पोलीस पाटलाची सही, फोटो, आणि त्या बिल्ल्यासकट कान. हो, कान. कापून आणायचा. आटपाडीच्या ऑफिसात उन्हाळ्यात दुपारी कुणी बाई पदराआडून वर्तमानपत्राची पुडी काढून टेबलावर ठेवायची, "सायेब, कान आणलाय," आणि आमचा शिपाई पंखा आपल्याकडे वळवून घ्यायचा. आत कडक झालेला, कडेला काळं रक्त वाळलेला कान आणि त्यात पिवळा बिल्ला. मी चष्मा लावून नंबर वाचायचा आणि फॉर्मशी ताडून बघायचा.

बिल्ला हरवला असेल तर पैसे नाहीत. गाय समोर मरून पडलीय, सगळा गाव साक्षीला आहे, डॉक्टर रडवेला झालाय, तरी नाहीत. "सायेब, बाभळीत अडकून तुटला वो, जित्राब काय खोटं मेलंय का?" असं विचारणाऱ्या माणसाकडे बघून फाईलवर 'अपात्र' लिहायला लागायचं. नियम कठोर होता. पण नियम नव्हता तेव्हा काय व्हायचं तेही मी जुन्या लोकांकडून ऐकलंय. एका कानावर तीन गाई मरायच्या.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण टास्मानिया.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला हे बेट. तिथे थायलसिन नावाचा प्राणी होता. लोक टास्मानियन वाघ म्हणत, कारण पाठीवर मागच्या भागात काळे पट्टे. अंगाने मोठ्या कुत्र्याएवढा, शेपूट काठीसारखी ताठ, आणि कांगारूसारखी पिल्लांची पिशवी. गोरे लोक मेंढ्या घेऊन आले आणि मेंढ्या मरू लागल्या. मोकाट कुत्री होती, चोर होते, हवामान होतं, गुराख्यांचा हलगर्जीपणा होता; खापर फुटलं थायलसिनवर. तिथे मेंढ्या पाळणाऱ्या व्हॅन डीमेन्स लँड कंपनीने १८३० पासूनच मारेकऱ्यांना इनाम लावलं होतं. १८८६ मध्ये मेंढपाळांच्या बाजूने तिथल्या संसदेत ठराव आला आणि अकराविरुद्ध बारा मतांनी पास झाला. एका मताने. १८८८ पासून सरकारी तिजोरीतून इनाम सुरू: मोठ्या जनावराला एक पाऊंड, पिल्लाला दहा शिलिंग.

आणि इथे माझा हात कपाळाला गेला. मेलेलं जनावर अधिकाऱ्यापुढे आणायचं, आणि अधिकारी त्याचे कान आणि पायाची बोटं छाटून टाकायचा, म्हणजे तेच धूड दुसऱ्या कचेरीत नेऊन पुन्हा पैसे उचलता येऊ नयेत. आटपाडीच्या आधी शंभर वर्षं, जगाच्या दुसऱ्या टोकाला, टेबलावर कानच.

१९०९ पर्यंत सरकारने २१८४ इनामं मोजली. पौराणिक म्हणा, दुर्मिळ म्हणा, अशा प्राण्यांच्या नावाने आजवर जी काही बक्षिसं लागली, त्यांत नियमितपणे, बिनतक्रार, पावती घेऊन चुकती झालेली ही एकच योजना माझ्या पाहण्यात आहे. कारण सोपं आहे. लावणाऱ्याला प्राणी आहे याची खात्री होती, आणि तो नसावा अशी इच्छा होती. बाकी सगळीकडे नेमकं उलटं असतं.

ज्या १९३३ सालात लंडनची सर्कस लॉक नेसच्या राक्षसाला वीस हजार पाऊंड लावत होती, त्याच सालच्या डिसेंबरात टास्मानियाच्या राजधानीत, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात एक खराखुरा थायलसिन सिमेंटच्या पिंजऱ्यात येरझाऱ्या घालत होता. डेव्हिड फ्ले नावाच्या निसर्गतज्ज्ञाने त्याचं चलच्चित्रण केलं. कॅमेऱ्यात डोकं घालून वाकलेला असताना थायलसिनने त्याला ढुंगणावर चावा घेतला. ते चित्रण आजही बघायला मिळतं. प्राणी जांभई देतो, जबडा केवढा तरी उघडतो. वीस हजार पाऊंड सोडा, त्याच्याकडे बघायला गर्दी होती असंही नाही.

१० जुलै १९३६ ला सरकारने थायलसिनला कायद्याचं संरक्षण दिलं. ७ सप्टेंबरला पिंजऱ्यातला शेवटचा मेला. एकोणसाठ दिवसांची पॉलिसी.

आणि मग, अर्थातच, बक्षिसं सुरू झाली. आता जिवंत असल्याच्या पुराव्याला. १९८३ मध्ये अमेरिकेतले टीव्हीसम्राट टेड टर्नर यांनी एक लाख डॉलर लावले. पुढे कधीतरी ते गुपचूप मागे घेतले गेले. २००५ मध्ये 'द बुलेटिन' या ऑस्ट्रेलियन साप्ताहिकाने आपल्या सव्वाशेव्या वर्षाच्या निमित्ताने साडेबारा लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. एका पर्यटन व्यावसायिकाने त्यावर साडेसतरा लाखांची बोली लावली. साप्ताहिकाची अट अशी, की प्राणी जिवंत पाहिजे, त्याला इजा झालेली नको, आणि पकडताना कायदा मोडलेला नको.

आता जरा थांबा आणि ही अट पुन्हा वाचा. थायलसिनला कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडायचं तर परवाना लागणार, आणि असा परवाना कुणाला मिळणार नाही. म्हणजे पकडला नाही तर बक्षीस नाही, आणि पकडला तर गुन्हा, म्हणून बक्षीस नाही. इतकी हवाबंद पॉलिसी मी माझ्या हयातीत पाहिलेली नाही. आमच्या हेड ऑफिसातल्या, एक्स्क्लूजन म्हणजे विम्यातून वगळायच्या गोष्टी लिहिण्यात हयात घालवलेल्या साहेबांनीसुद्धा हा मसुदा भिंतीवर लावला असता. जूनअखेर मुदत संपली, कुणाला काही मिळालं नाही, आणि २००८ च्या जानेवारीत ते साप्ताहिकच बंद पडलं. प्राण्याच्या आधी विमेदार दगावला म्हणायचं.

थायलसिन दिसल्याचं जे सगळ्यात भरवशाचं वृत्त मानलं जातं, ते १९८२ चं. वन्यजीव खात्याचा एक अनुभवी माणूस बेटाच्या वायव्य भागात गाडीत झोपला होता. पावसाची रात्र. पहाटे दोनच्या सुमाराला जाग आली म्हणून त्याने सवयीने बॅटरीचा झोत फिरवला, तर समोर तो उभा. त्याने पट्टे मोजले, बारा. कॅमेरा काढायला हलला आणि प्राणी झाडीत गेला. खात्याने बातमी दाबून ठेवली, दोन वर्षं तो सगळा परिसर गुपचूप पिंजून काढला. एक केसही मिळाला नाही. माझं मत विचाराल तर हा माणूस खरं बोलत होता. त्याने बघितलं ते काय होतं हा निराळा मुद्दा. क्लेम करणाऱ्याला क्लेममधून काही मिळणार नसेल तर सर्व्हेअर जरा सैल बसतो. त्याने तेव्हा पैसे मागितले नाहीत, गाजावाजा केला नाही. त्याच्यापाशी फक्त बिल्ला नव्हता.

२०२२ च्या डिसेंबरात होबार्टच्या म्युझियमने आणखी एक गोष्ट जाहीर केली. शेवटच्या थायलसिनचे अवशेष कित्येक वर्षं हरवलेले मानले जात होते, ते म्युझियमच्याच कपाटात निघाले. म्हातारी मादी होती. मे १९३६ मध्ये एका फासेवाल्याने ती प्राणिसंग्रहालयाला विकली होती, पण जमिनीवर फास लावणं बेकायदा असल्यामुळे व्यवहाराची नोंद केली नाही. नोंद नाही म्हणून ओळख नाही. कातडं कमावून शैक्षणिक वस्तू म्हणून फिरवलं जात होतं, शाळांतल्या पोरांना दाखवायला. जगभरचे लोक त्याच्या एका केसासाठी लाखो डॉलर लावत होते आणि पोरं त्यावरून हात फिरवत होती. कारकुनी चुकीतून झालेले गोंधळ मी बरेच निस्तरलेत, पण एवढा मोठा नाही.

अमेरिकेचं फार सांगत नाही. तिथे बिगफूट आहे, म्हणजे जंगलात राहतो म्हणतात तो केसाळ महाकाय वानरमानव, आणि जिथे बिगफूट आहे तिथे बक्षीस आहे. २०१४ मध्ये एका टीव्ही वाहिनीने बिगफूटच्या पक्क्या पुराव्याला एक कोटी डॉलर लावले; पाठीशी कोण, तर पुन्हा लॉइड्स. त्यांना हा हप्ता आवडलेला दिसतो. २०२१ मध्ये ओक्लाहोमा राज्यात एका आमदाराने बिगफूटच्या शिकारीचा हंगाम ठरवण्याचं विधेयक आणलं. मारायचा नाही, जिवंतच पकडायचा, हेही त्यांनी स्पष्ट केलं. त्याच सुमारास एकवीस लाख डॉलरचं इनाम जाहीर झालं. माझा भाचा डॅलसला असतो. त्याचा फोन आला, "मामा, तीन तासांवर जंगल आहे. तुम्ही या, आपण पकडू. तुम्ही पेपर्स बघा, मी पकडतो." मी त्याला अटी पाठवायला सांगितल्या. त्याने टी-शर्टचा फोटो पाठवला. सरकारी पर्यटन खात्याचा माल, बिगफूटचं चित्र असलेला. म्हटलं, बाबा, या धंद्यात पैसे कुणाकडून कुणाकडे जातात ते तुला कळलं, आता जंगलात जाऊ नकोस.

वॉशिंग्टन राज्यातल्या स्कामेनिया काउंटीने मात्र १९६९ मध्येच ठराव केला होता, की बिगफूटला मारलं तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. कारण त्याच्या शोधात बंदुका घेऊन येणारे हौशी लोक एकमेकांनाच गोळ्या घालतील ही भीती. हा ठराव करणाऱ्यांना मी सहज नोकरी दिली असती. जोखीम कुठे आहे ते त्यांना बरोबर दिसलं.

आपल्याकडे राक्षस नाहीत, पण मांडूळ आहे. बिचारा गरीब, बिनविषारी, मातीत तोंड खुपसून बसणारा साप. शेपूट बोथट म्हणून दुतोंड्या. त्याच्या अंगी गुप्तधन दाखवायची शक्ती आहे आणि ठरावीक वजनाच्या मांडुळाला कुणीतरी 'पार्टी' कोटी रुपये देते, ही आवई माणदेशातल्या प्रत्येक एसटी स्टँडवर मी ऐकलीय. ती पार्टी कुणी पाहिलेली नाही. तिचा माणूस भेटतो, तो वजन विचारतो, मग ॲडव्हान्स मागतो. जिल्ह्याच्या पेपरात दर काही महिन्यांनी मांडूळ विकायला आलेली टोळी हॉटेलच्या आवारात पकडल्याची बातमी असते, आणि फोटोत पोलिसांच्या पुढे ठेवलेल्या बरणीत तो साप. हे बक्षीससुद्धा लॉक नेसच्याच जातीचं, फक्त इथे अटी तोंडी असतात. त्यापेक्षा अंनिसचं चमत्कार सिद्ध करा आणि एकवीस लाख न्या हे आव्हान कितीतरी स्वच्छ. आधी दोन्ही बाजूंनी चाचणी ठरवायची, मग करून दाखवायचं. बुवा लोक चाचणी ठरवण्याच्या पायरीवरच आजारी पडतात.

सगळ्यात शहाणं सरकार मला नेपाळचं वाटलं. १९५० च्या दशकात यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, मागे जो तो हिमालयात निघाला होता. शिप्टन या गिर्यारोहकाने १९५१ मध्ये मेनलुंग हिमनदीवर पावलांच्या ठशांचे फोटो घेतले तेव्हापासून पेपरवाले, तेलसम्राट, सगळेच. नेपाळने बक्षीस वगैरे लावलं नाही. त्यांनी फी लावली. यतीच्या शोधाला जायचं तर भारतीय चलनात पाच हजार रुपये आधी भरा. फोटो काढा किंवा जिवंत पकडा, पण स्वसंरक्षण सोडून गोळी घालायची नाही. फोटो असोत की प्राणी, जिवंत असो की मेलेला, लवकरात लवकर नेपाळ सरकारच्या स्वाधीन करायचा. आणि यती खरोखर आहे असं दाखवणारी काही माहिती मिळाली तर ती आधी सरकारला द्यायची, परवानगीशिवाय पेपरात नाही. काठमांडूच्या अमेरिकन वकिलातीने ३० नोव्हेंबर १९५९ ला हे नियम आपल्या सरकारला कळवले, तो कागद आजही त्यांच्या दफ्तरात आहे. हप्ता रोख, साल्व्हेज आमचं, प्रसिद्धी आमच्या परवानगीने. लॉइड्सच्या बारा वर्षं आधी.

आणि सरकारच्या वर खुमजुंग गाव. १९६० मध्ये एडमंड हिलरी अमेरिकेतल्या एका ज्ञानकोशवाल्यांच्या पैशावर यतीच्या शोधात आले. खुमजुंगच्या गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, यतीचं म्हणून एक डोक्याचं कातडं होतं, वर टोकदार, तांबूस राठ केसांचं. हिलरींना ते तपासायला बाहेर न्यायचं होतं. गावाने उसनं दिलं, सहा आठवड्यांच्या बोलीवर, आणि वस्तूबरोबर आपला माणूस पाठवला. गावचे म्होरके खुंजो चुंबी त्या कातड्याला घेऊन शिकागो, पॅरिस, लंडन फिरून आले. माल नजरेआड होऊ द्यायचा नाही, हे त्यांना कुणी ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकवलं नव्हतं. तज्ज्ञांनी निकाल दिला, की हे सेरो नावाच्या रानबकऱ्यासारख्या प्राण्याच्या कातड्यापासून घडवलेलं आहे. यतीचा क्लेम नामंजूर.

गावाचं काय बिघडलं? १९६१ मध्ये हिलरींनी खुमजुंगला शाळा बांधून दिली, ती आजही चालू आहे. कातडं परत गोंपात गेलं. आता ते कुलूपबंद पेटीत असतं आणि एव्हरेस्टच्या वाटेवरचे पर्यटक दानपेटीत नोट टाकून ते बघतात. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे, तरी टाकतात. साठ वर्षांच्या वर हप्ता येतोय आणि क्लेम एकही नाही.